ताटातली सोयाबीनची जागा

सोयाबीन खाल्लं की मधुमेह पळतो, असे संदेश तुमच्याही व्हॉट्सॲपवर येत असतील. पळत नाही. सोयाबीनने साखर नेमकी किती उतरते, याबद्दल अभ्यासांचं एकमत नाही. तरी मी त्याची वकिली करणार आहे, ती आपल्या ताटाकडे बघून.

शाकाहारी मराठी ताटात भात, पोळ्या, बटाट्याची भाजी आणि वाटीभर पातळ वरण. पिष्टाची रेलचेल, प्रथिनं नावाला. त्यात एकादशीला साबुदाणा! कडधान्यंही सगळी सारखी नसतात: शंभर ग्रॅम कोरड्या राजम्यात कर्बोदकं ६० ग्रॅमच्या आसपास. सोयाबीनमध्ये साधारण ३०, त्यातले ९ ग्रॅम तंतू, आणि प्रथिनं ३६. म्हणजे भाताचा एक डाव कमी करून त्या जागी सोयाबीन आलं, तर जेवणानंतरची साखर कमी उसळते. भात तेवढाच ठेवून वर सोयाबीन खाल्लं, तर फक्त उष्मांक वाढतात.

मधुमेहींना हृदयविकाराचा धोका जास्त. सोयाबीनच्या प्रथिनांनी वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, तीन-चार टक्के. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ साली सोया प्रथिनं हृदयाला हितकर असल्याचा दावा पाकिटावर छापू दिला. २०१७ साली पुरावा एकसारखा नाही म्हणून तो मागे घेण्याचा प्रस्तावही मांडला. फायदा आहे, पण बेताचा.

आता स्वयंपाकघरात या. सोयावड्या मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, गार पाण्यातून काढा आणि घट्ट पिळा. पिळायचा कंटाळा केलात, तर तो उग्र वास रश्शातही राहतो. मग भरडून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात खिमा करा. चिनी-जपानी दुकानांत टोफू मिळतो, त्याची भुर्जी झकास होते. लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात, पण तेल काढून उरलेली पेंड बहुतेक कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आपल्यापेक्षा कोंबड्या शहाण्या म्हणायच्या!

सोयादूध घेताना बिनसाखरेचं बघून घ्या. सोया सॉस मात्र या हिशेबात धरू नका, त्यात मीठच फार. थायरॉईडची गोळी आणि सोयाबीन यांत काही तासांचं अंतर ठेवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर प्रथिनं किती घ्यायची हे डॉक्टरांनाच विचारा. आणि आहार बदललात म्हणून मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन परस्पर कमी करू नका.