बुरशीचा श्वास
(विज्ञान शाखेकडे वळलेल्या माजी विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



आपल्या शाळेच्या एका विद्यार्थिनीला यंदा जैवरासायनिक अभियांत्रिकीत प्रवेश मिळाला. "बाई, जिचे नावच कळत नाही त्या शाखेची फी कशी भरायची, असे बाबा म्हणतात," असे सांगत ती माझ्याकडे आली. मी मराठीची एम. ए.; मला तरी कुठे ठाऊक होते? वाचायला बसले.

1928 साली फ्लेमिंग यांना पेनिसिलीनचा शोध लागला, एवढे सांगून आपण पान उलटतो. परंतु 1941 च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्ड येथे एका पोलिसाला ते टोचले, तेव्हा काय झाले? ताप उतरला, रोगी जेवू लागला, आणि औषध संपले. त्याच्या मूत्रातून ते वेगळे काढून पुन्हा दिले, तेही पुरले नाही. तो दगावला.

अडचण बुरशीच्या श्वासाची होती. तिला हवा लागते, म्हणून ती द्रवाच्या पृष्ठभागावर, उथळ भांड्यांत वाढवीत. खोल टाकीत वाढवावी, तर लिटरभर पाण्यात जेमतेम 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. म्हणून खालून सतत हवेचे बुडबुडे सोडायचे, रवीसारख्या पंख्याने घुसळायचे. हवाही निर्जंतुक हवी, परका जंतू शिरला की सारी टाकी वाया. शिवाय वाढती बुरशी उष्णता सोडते. टाकीची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली की द्रव आठपट होतो, उष्णता बाहेर पडायला पृष्ठभाग मात्र चौपटच. चौघांचा भात करणारीला चारशेंच्या पंगतीचा साधतोच असे नाही, हे आमच्या पिढीला सांगावे लागत नाही!

अमेरिकेत ही कोडी सुटली. पिओरियाच्या प्रयोगशाळेने मका भिजवून उरलेले पाणी बुरशीला खाद्य म्हणून दिले. उत्पादन कित्येक पटींनी वाढले. पेनिसिलीनच्या पहिल्या मोठ्या कारखान्याची आखणी केली ती मार्गारेट हचिन्सन यांनी. 1937 साली एमआयटीतून रासायनिक अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवलेली ही स्त्री! फ्लेमिंग यांचे नाव मी जन्मभर ऐकत आले. यांचे गेल्या महिन्यात कळले, याची खंत वाटते. आपल्याकडे 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, आणि हीच विद्या तिथे रुजली.

मुलीच्या घरी मी म्हटले, "ही विरजण लावायला शिकणार आहे, पातेले तेवढे हजारो लिटरांचे." वडील गप्प राहिले. आजींनी विचारले, "मग ते ढवळायचे कसे?"

मुदतीच्या आदल्या दिवशी फी भरली गेली.