चिकटवहीचं पहिलं पान

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



प्रत्येक घरात एक असा खण असतो की त्यात नेमकं काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही. लग्नपत्रिका, जुनी तिकिटं, कुणाच्या तरी निकालाचं कात्रण, मुलीनं बालवाडीत काढलेला मोर, पहिल्या सायकलची पावती. हे कागद लागत नाहीत आणि टाकवतही नाहीत. दिवाळीला म्हणा, ईदला म्हणा, साफसफाई निघाली की खण उघडतो, उघडणारा माणूस तासभर त्यात हरवतो आणि मग सगळं होतं तसं परत आत जातं. आज मला बोलायचंय ते या खणातले कागद वहीत आणण्याबद्दल. इंग्रजीत त्या वहीला स्क्रॅपबुक म्हणतात. आपण शाळेत चिकटवही म्हणायचो. नुसते वर्तमानपत्रातले तुकडे असले तर कात्रणवही.

माझ्या पिढीच्या बहुतेक मुलांनी हा उद्योग केलेला आहे. १९८३ च्या जूनमध्ये आपण क्रिकेटचा विश्वचषक जिंकलो, तेव्हा न्हाव्याच्या दुकानातल्या वर्तमानपत्रांना भोकं पडली होती. कपिल देव कुणाच्या वहीत, गावसकर कुणाच्या वहीत. पुढं मिशा फुटल्या आणि वह्या रद्दीत गेल्या. त्यामुळं हा पोरखेळ आहे असा एक समज राहिला. अलीकडं दुसरा समज आला आहे, की हे परदेशातून आलेलं महागडं खूळ आहे. दुकानांत त्याचं सामान मिळतं, चमचमता कागद, रिबिनी, चिकटवायची फुलं.

दोन्ही समज मला पटत नाहीत. बादशहा जहांगीरनं करवून घेतलेला ‘मुरक्का-ए-गुलशन’ हा चित्रसंग्रह तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्याच्या ग्रंथालयात आहे. त्यात इराणी चित्रं आहेत, मुघल चित्रं आहेत, सुंदर हस्ताक्षराचे नमुने आहेत आणि युरोपातून आलेली छापील चित्रंही आहेत. ठिकठिकाणचे तुकडे एका पानावर बसवायचे आणि भोवती नक्षीची चौकट काढायची, अशी त्याची रचना. मुरक्का या शब्दाचा मूळ अर्थ ठिगळं लावलेला. सूफी फकिराच्या ठिगळांच्या अंगरख्यालाही हाच शब्द लावतात. आपल्याकडची वाकळ डोळ्यांपुढं आणा, म्हणजे अर्थ लगेच कळेल. तिकडं अमेरिकेत मार्क ट्वेन हा मोठा लेखक. त्याला कात्रणवह्यांचा इतका नाद, की आधीच डिंक लावलेल्या पानांच्या वहीचं पेटंट त्यानं १८७३ साली घेतलं. पान ओलं करायचं आणि कात्रण दाबायचं. तेव्हा तुम्ही ही वही करायला बसलात आणि घरातलं कुणी हसलं, तर एक बादशहा आणि एक लेखक तुमच्या बाजूला आहेत.

आता मुद्द्याचं. माझी एक खाला, म्हणजे मावशी, मिरजेला राहायची. उर्दू शाळेत चार इयत्ता शिकलेली. खालूंच्या दुकानाची एक जुनी खतावणी तिनं मागून घेतली होती आणि तिच्यात ती कागद चिकटवायची. मासिकातले भरतकामाचे नमुने, अत्तराच्या बाटलीवरची चिठ्ठी, लग्नाचे रुक्के, आगपेटीवरची चित्रं, उरुसाच्या वेळचं एक हस्तपत्रक. कुणी कागद चोळामोळा केला की तिचं ठरलेलं वाक्य, ‘फेंको मत, रखो.’ आमच्याकडं लिहिलेला कागद पायदळी येऊ देत नाहीत. न जाणो त्यावर अल्लाचं नाव असेल. रस्त्यात पडलेला दिसला तर उचलून भिंतीच्या कोनाड्यात ठेवतात. शेजारच्या जोशीकाकूंकडं पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करायचा. त्यामुळं खालाची वही हा दोन्ही घरांना मान्य असलेला प्रकार होता.

खाला गेल्यावर ती वही माझ्याकडं आली. तिच्या मधल्या एका पानावर रेल्वेची दोन तिकिटं आहेत, कुर्डुवाडी ते मिरज. जुन्या जाड पुठ्ठ्याची ती छोटी तिकिटं आठवतात ना? इंग्लंडमधल्या एडमंडसन नावाच्या स्टेशनमास्तरनं १८३० च्या दशकाच्या अखेरीस ती काढली. मूळचा तो लाकडी सामान बनवणारा. खिडकीतला बाबू यंत्रात तिकीट घालून खट्कन तारीख उठवायचा. खालाच्या तिकिटांवर १९७१ सालची तारीख तिरप्या उजेडात धरली की वाचता येते. म्हणजे हा प्रवास बार्शी लाइटचा. अडीच फुटी रुळांची ती छोटी गाडी १८९७ साली बार्शी ते कुर्डुवाडी सुरू झाली आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली. हे सगळं पुस्तकात मिळतं. पण आमचं कुर्डुवाडीला कुणीच नाही. खाला तिकडं कशाला गेली होती? आणि येताना तिकिटं दोन, तर दुसरं कोण?

घरात याची दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे, मिरज हे दवाखान्यांचं गाव, लांबलांबून लोक इथं औषधोपचाराला येतात. तर खाला कुणा आजारी बाईला उपचारासाठी घेऊन आली असेल. दुसरं उत्तर माझ्या भाभींचं. त्या म्हणतात, खाला रुसून निघून गेली होती आणि खालू तिला परत घेऊन आले. पहिलं उत्तर खरं असेल तर ती एक धीराची बाई होती आणि दुसरं खरं असेल तरीही धीराचीच, पण निराळ्या तऱ्हेची. तिकिटावर तारीख आहे, कारण नाही. विचारायला आता कुणी उरलेलं नाही. लिहायला तिला येत होतं. तिला वाटलं असेल, आपल्याला तर माहीत आहे!

म्हणून मी सांगतो, या छंदात कात्री आणि डिंक दुय्यम. चिकटवलेल्या कागदाशेजारी आपल्या हातानं दोन ओळी लिहायच्या, कोण, कुठं आणि कशासाठी. आपल्या बायकांच्या नावावर सातबारा क्वचित असतो, दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव क्वचित असतं. त्यांचं आयुष्य अशा तिकिटांत, वाणसामानाच्या यादीत आणि पाककृतींच्या चिठोऱ्यांत असतं. त्या चिठोऱ्याखाली ‘ही आईची खिमा-मेथी, मेथी नंतर घालायची असं ती ओरडून सांगायची’ एवढं लिहिलं, तरी ते माणूस त्या पानावर येऊन बसतं.

सुरुवात करायची तर विषय लहान घ्या. ‘माझं आयुष्य’ असा विषय घेतलात तर तिसऱ्या पानावर दम लागेल. एक वर्ष घ्या, किंवा एक स्वयंपाकघर, एक प्रवास, एक दुकान. तासगावकडचे माझ्या ओळखीचे एक द्राक्षबागायतदार बेदाण्याच्या सौद्याच्या पट्ट्या चिकटवतात. अडत्यानं दिलेली ती चिठ्ठी असते ना, किती वजन, काय दर, तोलाई किती, हमाली किती आणि शेवटी हातात काय पडलं, ती. शेजारी ते दोन शब्द लिहितात. ‘फळ काढणीला असताना पाऊस.’ ‘थोरलीच्या लग्नासाठी घाईनं विकला.’ ते याला छंद म्हणत नाहीत, हिशेब म्हणतात. मी ती वही एका बैठकीत वाचली, कादंबरी वाचावी तशी. उलट आम्हा कवींच्या वह्या पाहा. त्यांत स्वतःच्या छापून आलेल्या कविता आणि सत्काराचे फोटो. इतकी कंटाळवाणी वही दुसरी नसते.

वही कुठली घ्यायची? साध्या वहीत कागद चिकटवत गेलं की ती मधोमध फुगते आणि शिवण तुटते. तुमच्या गावात पुस्तकबांधणी करणारा असेल तर त्याच्याकडं जा आणि सांगा, ‘ड्रॉइंगच्या कागदाची वही शिवून द्या, पानांच्या मध्ये शिवणीत बोटभर रुंदीच्या पट्ट्या घाला.’ त्या पट्ट्यांमुळं शिवणीशी जाडी येते आणि वही भरली तरी सपाट मिटते. हे काम येणारी माणसं कमी होत चालली आहेत. त्यांना चार पैसे मिळतील, हाही एक फायदा.

कागदाच्या जातीकडं लक्ष द्या. वर्तमानपत्राचा कागद लाकूड दळून केलेला असतो. त्यात लिग्निन नावाचं द्रव्य राहतं. उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतो, मग तपकिरी होतो आणि शेवटी पापडासारखा तुटतो. पेशवे दफ्तरातले दौलताबादी आणि जुन्नरी कागद मात्र आजही वाचता येतात, कारण ते चिंध्या आणि तागासारख्या धाग्यांच्या लगद्यापासून हातानं केलेले. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गावच आहे. हे काम करणारे कागजी बहुतेक मुसलमान. मराठी राज्याच्या कारभाराचा मजकूर त्यांच्या हातच्या कागदावर टिकून राहिला, याचं मला अप्रूप वाटतं. आपल्या वहीपुरता अर्थ एवढाच, की महत्त्वाच्या कात्रणाची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती चिकटवावी. मूळ कात्रण शेजारच्या पानालाही पिवळं करतं, म्हणून ते वेगळ्या पाकिटात ठेवावं. बसची, दुकानातली यंत्रातून निघणारी गुळगुळीत पावती तर वर्ष-दोन वर्षांत कोरी होते. तिचीही झेरॉक्सच काढा.

चिकटवायला घरची खळ उत्तम. दोन चमचे मैदा गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मंद आचेवर ढवळत शिजवायचा आणि गार झाल्यावर पातळ थर लावायचा. उरली तर फेकून द्या, नाही तर आंबते. बांधणीवाले कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालत. घरात लहान मुलं असतात आणि मोरचूद विष आहे; तुम्ही घालू नका. कागदाच्या सगळ्या पाठीला खळ फासू नये, कडांना बोट फिरवलं तरी पुरतं. उद्या कागद काढायचा झाला तर पाण्याच्या बोटानं सुटतो. चिकटपट्टी मात्र नको. तिचा डिंक काही वर्षांनी कागदात उतरून तपकिरी डाग पडतो. टाचणी आणि स्टेपलरची पिन गंजतात.

फोटोला तर खळही लावायची नाही. जुन्या अल्बममध्ये काळे तिकोनी कोपरे असायचे, तसे कागदाचे कोपरे घडी घालून करता येतात. ते चिकटवायचे आणि फोटो त्यांत सरकवायचा. फोटोच्या मागं नावं लिहायची ती मऊ शिसपेन्सिलीनं. बॉलपेननं उलट्या बाजूला वळ उठतात. आणि शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला, जुनं रेशनकार्ड हे अस्सल कागद वहीत कधीही चिकटवू नका. त्यांची झेरॉक्स पुरे. हल्लीच्या दिवसांत जुन्या दाखल्याची किंमत काय आहे, हे मी वेगळं सांगायला नको.

आम्ही कृष्णाकाठची माणसं. २००५, २०१९, २०२१ असे मोठे पूर सांगलीनं पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी उतरल्यावर गच्च्यांवर कपड्यांच्या बरोबरीनं कागद वाळत होते. लोक भांडी-गाद्यांना रडत नव्हते. लग्नाचे फोटो एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला, त्याला रडत होते. चिकट पानांवर प्लॅस्टिक ओढायचे अल्बम होते ना, त्यांतले फोटो सगळ्यात आधी गेले. स्टुडिओत धुतलेले फोटो चिकटले तर कोरडे ओढू नयेत. स्वच्छ गार पाण्यात भिजू द्यावेत, आपोआप सुटू लागले की वेगळे करून चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावेत. भिजलेल्या वहीच्या पानांत कोरे कागद घालावेत, ते बदलत राहावेत आणि पंखा लावावा. उन्हात ठेवली तर पानं वेडीवाकडी होतात, आणि दोन दिवस तशीच राहिली तर बुरशी धरते. एरवी वहीची जागा लोखंडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात. माळ्यावर उष्णता असते, जमिनीलगत वाळवी. सुकलेला कडुलिंबाचा पाला ठेवायची आपली जुनी रीत आहे, पण कसर लागू नये म्हणून खरा उपाय एकच, दोन-तीन महिन्यांनी वही काढून चाळायची. त्या निमित्तानं घरातलं कुणी तरी शेजारी येऊन बसतं आणि ‘हा कोण?’ म्हणून विचारतं.

तुम्ही म्हणाल, फोटो आता मोबाइलमध्ये असतात. असू द्या. वर्षाचे बारा निवडा, छापून घ्या, खाली लिहा. निवडायला बसलात की कळेल, हजार फोटोंतून बारा काढणं किती अवघड असतं ते.

एक शेवटची व्यवहाराची गोष्ट. पावसाळ्यात चिकटवायला बसू नका, खळ वाळत नाही आणि पान दमट राहतं. दिवाळीनंतरची कोरडी हवा चांगली. तोवर खणातले कागद बाहेर काढून घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसापुढं ठेवा, आणि ते जे सांगतील ते एका चिठ्ठीवर लिहून त्या त्या कागदाबरोबर ठेवून द्या.