पट्टी बांधायला कसले आले प्रशिक्षण?
(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



आरती झाली आहे आणि प्रसाद अजून व्हायचा आहे. अशा वेळी जखमांवर बोलायचे म्हणजे श्रोत्यांची परीक्षाच! तरीही मंडळाने आम्हा तिघींना, दोन परिचारिका आणि एक फिजिओथेरपिस्ट, येथे बोलावले याबद्दल मनापासून आभार. जखमांच्या शुश्रूषेचे प्रगत प्रशिक्षण आम्ही घ्यायचे ठरवले तेव्हा घरच्यांनीच विचारले, "पट्टी बांधायला कसले आले प्रशिक्षण?" आज त्याचेच उत्तर द्यायचे आहे.

खरचटले, कापले तर शरीर आपले आपण भरून काढते. शिकावे लागते ते न भरणाऱ्या जखमेसाठी. मधुमेह आज घरोघरी आहे, म्हणून मधुमेहींच्या पायाचेच उदाहरण घेऊ. साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होऊ लागतात. चपलेत खडा असला तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो आणि प्रत्येक पावलागणिक जखम खोल जाते. "दुखत नाही ना, मग काळजी कशाला?" हे आपले नेहमीचे गणित येथे नेमके उलटे होते.

म्हणून पहिला धडा असा, की पट्टीला हात लावण्याआधी पाय तपासायचा. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून संवेदना पाहायची. पावलावरची नाडी चाचपायची. दंड आणि घोटा येथील रक्तदाबाची तुलना करायची. यातही मेख आहे. मधुमेहींच्या रोहिण्या कडक झालेल्या असतील तर घोट्याचा आकडा फसवा, चांगला येतो; मग पायाच्या बोटाचा दाब मोजावा लागतो. रक्तपुरवठाच नसेल तर महागातले महाग मलमही काय करणार? आणि ते न तपासता सुजलेल्या पायाला घट्ट पट्टी आवळली, तर पायच धोक्यात येतो.

दुसरा धडा ओलाव्याचा. "जखमेला हवा लागू द्या, खपली धरू द्या," असे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांवरील प्रयोगात दाखवले, की झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने येते. आजची बरीच ड्रेसिंगे याच विचारातून आली. मात्र ओलसर म्हणजे चिंब नव्हे. स्राव जास्त असेल तर शोषून घेणारे ड्रेसिंग, कोरडेपणा असेल तर ओलावा देणारे. ही निवड डोळ्यांनी आणि सरावाने शिकावी लागते. हळद, चुना, टूथपेस्ट यांना त्यात जागा नाही. त्यांनी जखम झाकली जाते आणि आत काय चालले आहे ते दिसेनासे होते.

तिसरा धडा जंतूंचा. उघड्या जखमेवर जंतू असतातच. वरवर कापूस फिरवून घेतलेल्या नमुन्यात तेच सापडतात. प्रत्येकाला अँटिबायोटिक लागत नाही. लाली, ऊब, सूज, पू, ताप ही लक्षणे पाहायची. निर्जंतुक सळई हाडाला टेकली तर हाडापर्यंत लागण पोचल्याचा संशय धरून रुग्णाला ताबडतोब शल्यचिकित्सकाकडे पाठवायचे. आपले काम कुठे संपते हे ओळखणे, हाही प्रशिक्षणाचाच भाग.

चौथा धडा भार उतरवण्याचा. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांचे हातपाय बारकाईने अभ्यासले आणि दाखवून दिले, की बोटे आपोआप झडत नाहीत; वेदनाच न जाणवल्याने वारंवार इजा होते आणि त्यातून ती जातात. मधुमेहींच्या पायाला तोच न्याय लागू पडला. तळव्याची जखम भरायची तर तिच्यावरचा भार काढलाच पाहिजे. रक्तपुरवठा ठीक असेल आणि लागण नसेल, तर गुडघ्याखाली नीट बसणारे खास प्लास्टर घालतात. पट्टी रोज बदलली, पण रुग्ण त्याच पायावर बाजारात जाऊन आला, तर सगळे मुसळ केरात.

शेवटचा धडा मोजमापाचा. लांबी, रुंदी, खोली दर आठवड्याला लिहून ठेवायची. चार आठवड्यांत जखम निम्म्याने आकसली नाही, तर तोच उपचार पुढे रेटायचा नाही. नव्याने विचार करायचा.

हे सगळे काही परदेशातूनच आले असे नाही. सुश्रुताने व्रणासाठी साठ उपक्रम सांगितले आहेत आणि पट्टी बांधणे हा त्यांतला केवळ एक आहे. घरच्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

आता मंडळाकडे मागणे. आपल्यातल्या अनेक मुली, सुना आणि काही मुलगेही रुग्णालयांत शुश्रूषा करतात. त्यांना असे प्रशिक्षण घ्यायचे असेल तर शुल्काला हातभार लावा. घरच्यांनी त्या दिवसांत घराची जबाबदारी उचला. याच सभागृहात महिन्यातून एकदा ज्येष्ठांचे पाय तपासायला आम्ही तिघी विनामूल्य येऊ. फक्त सतरंजी आणि चांगला उजेड द्या.

आणि काका-काकूंना एक विनंती. रोज रात्री तळवे आरशात पाहा किंवा नातवंडांना पाहायला सांगा. घट्टा, भोवरी घरी ब्लेडने कापू नका. विसर्जनाच्या मिरवणुकीत अनवाणी चालण्याचा हट्ट या वर्षी सोडा. पायात मऊ, बंद चपला असल्या म्हणून बाप्पा रागावत नाही. पुढच्या वर्षी त्याला आणायलाही याच पायांनी जायचे आहे.

गणपती बाप्पा मोरया!