जुन्या स्टिरिओला इंटरनेट जोडताना

कामं आवरली का? नसतील तर राहू द्या, हातातलं काम करत करत ऐका. आज मी शेळ्या, कर्ज किंवा लोणच्याबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय घरातल्या जुन्या स्टिरिओबद्दल.

आमच्या सोप्यात असा एक स्टिरिओ आहे. माझे दीर गलाईच्या धंद्यावर तमिळनाडूत असतात, त्यांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी आणलेला. एक ॲम्प्लिफायर, एक कॅसेटचा डेक आणि लाकडी पेट्यांचे दोन स्पीकर. पुढं कॅसेटींना बुरशी आली, डेकचा पट्टा तुटला. मग त्याच्यावर विणलेला रुमाल घातला आणि तो कपाटासारखा उभा राहिला. तुमच्यातल्या कितीतरी घरांत असा एखादा असणार.

गेल्या वर्षी दिवाळीत माझी मुलगी फोनवर जात्यावरच्या ओव्या लावून बसली होती. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पंचाहत्तरी ओलांडलेल्या. कानानं कमी ऐकू येतं. त्यांनी फोन कानाला लावला आणि विचारलं, "लांब कोण दळतंय गं? सूर येतुया, शब्द न्हाई कळत." मला फार वाईट वाटलं. ओव्या बायकांच्या, आणि जिनं जन्मभर जातं ओढलं तिलाच त्या ऐकू येईनात!

या ओव्या कुठल्या, ते आधी सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी पुण्यात राहून, गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात त्यांतल्या हजारो ओव्या टेपवर घेतल्या. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या आवाजासकट ऐकायला मिळतात, फुकट. म्हणजे धन आपल्या दारात आलंय, पण फोनच्या बोटभर स्पीकरमधून ते म्हाताऱ्या कानात शिरत नाही. सोप्यातला मोठा स्पीकर मात्र धडधाकट होता.

मग मी काय केलं? तालुक्याच्या गावी एका दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, स्ट्रीमर घ्या." नेटवर्क स्ट्रीमर म्हणजे तळहाताएवढी डबी. ती वाय-फायवरून स्वतःच गाणी, रेडिओ ओढून घेते आणि वायरीनं ॲम्प्लिफायरला देते. फोन फक्त रिमोटसारखा वापरायचा. गाणं लावलं की फोन खिशात घालून गोठ्यात गेलात तरी गाणं चालू, आणि मध्येच कुणाचा फोन आला तरी गाणं थांबत नाही. ऐकून मी खूश झाले. आठ हजारांच्या वर पैसे मोजले.

पहिला आठवडा मजेत गेला. मुलाच्या फोनच्या हॉटस्पॉटवर डबी चालली. मग मुलगा कराडला वसतिगृहावर परत गेला, फोन त्याच्याबरोबर गेला आणि डबी मुकी झाली. आमच्याकडं घरचं वाय-फाय नव्हतंच! आणखी एक गोष्ट नंतर कळली. ती डबी तिच्या ॲपमध्ये असलेलेच रेडिओ आणि गाण्यांच्या सेवा लावते. ओव्यांचं संकेतस्थळ तिला स्वतःहून उघडता येत नाही. खोका फोडलेला, म्हणून दुकानदारानं परत घेतली नाही. चूक त्याची थोडी, माझी जास्त. मी विचारायचं ते विचारलंच नव्हतं.

म्हणून मैत्रिणींनो, पैसे काढायच्या आधी तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न, आपल्याला ऐकायचंय काय? यादी करा. आकाशवाणीची केंद्रं ऐकायची, तर ती 'न्यूज ऑन एअर' या ॲपवर मिळतात. भजनं, कीर्तनं यूट्यूबवर असतात. ओव्या संकेतस्थळावर. मग दुकानातच सांगा, "यातलं एकेक लावून दाखवा." जे तिथं लागलं नाही ते घरी लागणार नाही.

दुसरा प्रश्न, घरात नेट कुठून येतं? फायबरची लाइन असेल आणि राउटर घरात कायम असेल, तरच स्ट्रीमरचा विचार करा. नेट जर कुणाच्या फोनमधलं असेल तर तो फोन रानात, कामावर गेला की यंत्र बंद. आपल्या जुन्या घरांच्या दगड-मातीच्या भिंती जाड असतात. राउटर माडीवर आणि स्टिरिओ सोप्यात असेल तर लहर पोचते का ते फोन तिथं धरून आधी बघा. राउटरवर २.४ आणि ५ अशा दोन लहरी असतील तर २.४ ची भिंतीपलीकडं जास्त पोचते.

नेट किती जाईल याची भीती बाळगू नका. साधा चांगला आवाज, ज्याला १२८ केबीपीएस म्हणतात, तासाला साधारण ५८ एमबी खातो. रोज दोन तास ऐकलं तरी दीड जीबीतला थोडाच भाग. पण सीडीच्या दर्जाचा, अजिबात न दाबलेला आवाज घेतला तर तासाला ६०० एमबीच्या वर जातात. ओव्यांना आणि बातम्यांना त्याची गरज नाही. यूट्यूबचा व्हिडिओही आवाजापेक्षा कितीतरी जास्त खातो.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. यंत्र लावणार कोण? घरात फोन सगळ्यात कमी हाताळणारी बाई जी असेल, तिला ते लावता आलं पाहिजे. नाहीतर ऐकायचं काय हे नेहमी फोन ज्याच्या हातात तोच ठरवणार. काही यंत्रांवर एक, दोन, तीन अशी बटणं किंवा रिमोट असतो. एकवर आकाशवाणी, दोनवर भजन असं बसवून देता येतं. असं बटण असेल तर चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

आता स्वस्तातले रस्ते. फोनला हेडफोनचं भोक असेल तर एक साधी वायर पुरते. एका टोकाला हेडफोनची पिन, दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना. शंभर-दोनशे रुपयांत काम होतं. भोक नसेल तर ब्लूटूथ रिसीव्हर घ्या, तो हजाराच्या आत मिळतो. फोन दहा मीटरच्या आत ठेवावा लागतो आणि कुणाचा फोन आला की गाणं तुटतं, एवढीच अडचण. पण फोनवर जे काही वाजतं ते सगळं स्पीकरवर वाजतं.

जोडताना ॲम्प्लिफायर बंद ठेवा. मागं इंग्रजीत ऑक्स, सीडी, टेप किंवा लाइन इन लिहिलेलं असेल तिथं लाल-पांढऱ्या पिना लावा. फोनो लिहिलेल्या जागी लावू नका. ती जागा तबकडीच्या रेकॉर्ड प्लेअरची, तिथं आवाज फाटून येतो. चालू करताना आवाजाचं बटण अगदी खाली असू द्या. ॲम्प्लिफायरच जळालेला असेल आणि स्पीकर चांगले असतील, तर ॲम्प्लिफायरसकट येणारा स्ट्रीमर मिळतो. पण आधी दुरुस्तीवाल्याला दाखवा. पुष्कळदा दोन-चारशे रुपयांत जुना सुधारतो.

अजून एक सावधगिरी. ही यंत्रं कंपनीच्या ॲपवर जगतात. गूगलची क्रोमकास्ट ऑडिओ नावाची अशीच डबी २०१५ साली आली, २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मार्च २०२५ मध्ये तर जगभरच्या घरांतल्या त्या डब्या काही दिवस अचानक बंद पडल्या होत्या. कंपनीनं दुरुस्ती पाठवली तेव्हा चालू झाल्या. म्हणून ज्या यंत्रात वाय-फायबरोबर ब्लूटूथ आणि साध्या वायरीची जागाही आहे, तेच घ्या. एक दार बंद झालं तर दुसरं उघडं राहील. चार्जरवर बीआयएसची खूण बघा, पक्कं बिल घ्या. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

आमच्या डबीचं काय झालं? तिच्यातच ब्लूटूथ होतं, हे मुलीनं शोधून काढलं. काच तडकलेला एक जुना फोन आम्ही कोनाड्यात कायमचा ठेवला आणि मुलीनं त्यात ओव्या भरून दिल्या. आता नेट नसलं तरी चालतं. फोनवर हिरवी खूण केलीय, तिथं बोट ठेवलं की ओवी सुरू.

पहिल्या दिवशी आत्याबाई स्पीकरसमोर बसल्या. दोन ओव्या गप्प ऐकल्या. तिसरीला म्हणाल्या, "ही चुकतीया, आमच्यात अशी न्हाई म्हणत," आणि स्वतः म्हणायला लागल्या! मुलीनं त्यांना विचारून ते फोनवर रेकॉर्ड केलं. आता हिरव्या खुणेखाली लाल खूण आहे, ती आत्याबाईंच्या आवाजाची. एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन आम्ही तांदळाच्या डब्यात नाही, कागदपत्रांच्या पेटीत ठेवलीय.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं कराल का? कुणाच्या घरी जुना स्टिरिओ आहे आणि कुणाच्या घरी ओव्या येणारी म्हातारी आहे, दोन्ही नावं लिहून काढा. वायर शंभर रुपयांची आहे. म्हातारी माणसं किती दिवस आहेत, ते कुणाच्या हातात नाही.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.