रांगेतली बैठक



शिबिराच्या पत्रकावर माझा विषय छापलाय, 'महामारीच्या काळात महिला गट सक्रिय कसा ठेवला'. सक्रिय हा तुमच्या कार्यकर्त्यांचा शब्द. आमच्या बायांना सांगितला तर हसतील. जी बाई पहाटे चारला पाण्याला उठते, सहाला टॉवरमध्ये धुण्याभांड्याला जाते आणि दुपारी घरी येऊन पुन्हा तेच करते, तिला सक्रिय कोण ठेवणार? आमचा प्रश्न इतकाच होता की या बायांनी एकमेकींना भेटायचं कुठे. तेवढ्यावरच बोलते.

आमची वस्ती भाईंदर पश्चिमेला, मिठागरांच्या कडेला. तुमच्यातल्या पुष्कळांनी मीरा-भाईंदर पाहिलंय ते लोकलच्या खिडकीतून. खाडी, पूल, मग टॉवरच टॉवर. २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर माणसं मोजली. टॉवरात राहणारे त्यात, आणि टॉवरातली भांडी घासणारेही त्यातच. गटात आम्ही तीसेक जणी. बहुतेक घरकामाच्या, काही भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात जाणाऱ्या, दोघी-तिघी कंत्राटी सफाईत. जास्ती बौद्ध, काही मातंग, तीन मुसलमान, एक जौनपूरची. रविवारी दुपारी विहारात बसायचं. कोणाचं रेशनकार्ड अडलंय, कोणाचा पगार मालकिणीने कापला, कोणाचा नवरा पिऊन येतो, हे सगळं तिथे निघायचं. शेवटी अर्धा तास वाचन.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि बारा वाजता देश बंद झाला. चार तास. लोकल त्याच्या आधीच बंद होती. विहाराला कुलूप लागलं. ते कुलूप निघालं १६ नोव्हेंबरला, एप्रिल २०२१ मध्ये परत लागलं, परत निघालं ७ ऑक्टोबरला. दारूची दुकानं मात्र राज्यात मे २०२० मध्येच उघडू लागली. बुद्धाने थांबावं, बाटलीने थांबू नये, असा सरकारचा हिशोब.

हे सगळं ज्या कायद्यांनी झालं त्यातला एक १८९७ चा. साथीचे रोग प्रतिबंधक कायदा. ४ फेब्रुवारी १८९७ ला इंग्रजांनी केला, प्लेगासाठी. त्यानंतर पाचच आठवड्यांनी, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातलं गायकवाडांचं प्लेग झालेलं पोर पाठीवर घालून त्यांनी यशवंताच्या दवाखान्यात आणलं होतं. पोर वाचलं, त्यांना प्लेग लागला. कायदा आणि सावित्रीबाई एकाच साथीतले. कायदा वाचा, इवलासा आहे. माणसाला अडवायचा, तपासायचा, शिक्षा करायचा अधिकार त्यात आहे, आणि हुकूम बजावणाऱ्या साहेबाला संरक्षण आहे. कोंडलेल्या माणसाला भाकर कोण देणार याचं कलम नाही. सव्वाशे वर्षांत कुणाला ते घालावंसं वाटलं नाही. एप्रिल २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली ती डॉक्टर-नर्सवर हल्ला करणाऱ्यांसाठी. ती हवीच होती. भाकरीची राहिली ती राहिलीच.

आता तुमच्याबद्दल थोडं बोलते. राग मानू नका, मानलात तरी चालेल.

टाळेबंदीच्या पहिल्या पंधरवड्यात चळवळीतले भाऊ फोनवर आले. व्हिडिओवर बैठका सुरू झाल्या. १४ एप्रिलला जयंती घरात झाली, दिवा लावून, वाचन करून, ते योग्यच झालं. संध्याकाळी फोनवर भाषणं झाली, जोरदार. मग मला सांगण्यात आलं की ताई, महिला गटाचीही बैठक फोनवर घ्या, गट थंड पडायला नको.

फोन कोणाचा असतो हो? आमच्या गटात ज्याला बोट लावून सरकवायचं असतं तसा फोन असलेली घरं होती निम्मी. त्या निम्म्या घरांत तो फोन नवऱ्याचा, नाहीतर पोराचा. जूनपासून शाळा फोनवर आली, मग पोराचाच झाला. पोरीला म्हणाले, भाऊ झाल्यावर बघ. आणि समजा बाईच्या हातात फोन आला. दहा बाय दहाची खोली. शेजारी नवरा बसलाय, काम गेलेला, चिडलेला. त्याच्या मांडीला मांडी लावून ही फोनवर आम्हाला काय सांगणार? की हा मला मारतो? एकदाच बैठक घेतली. सात तोंडं दिसली. सगळ्या म्हणाल्या, आमचं बरं चाललंय. कुणाचंही बरं चाललेलं नव्हतं.

भेटायची जागा आम्हाला दुसऱ्याच ठिकाणी सापडली. रेशन दुकानासमोर चुन्याने गोल आखले होते, एकेका गोलात एकेक माणूस. पाच बाया कोपऱ्यावर उभ्या राहिल्या की पोलीस काठी घेऊन यायचा, १४४ आहे, हटा. त्याच पन्नास बाया रांगेत उभ्या राहिल्या तर तो खुर्ची टाकून सावलीत बसायचा. तीन-तीन तास. नवरा रांगेला येत नाही, सासू येत नाही. पाण्याची रांग, संडासाची रांग, रेशनची रांग. देशाने आम्हाला जन्मभर रांगेत उभं केलंय, तर तिथेच बैठक घेऊ, असं एक काकी म्हणाली. तिचं नाव छापायचं नाही असं तिनेच बजावलंय.

मग दर गल्लीला दोन बाया ठरल्या. एक वही. रांगेच्या पुढच्या टोकाला एक, मागच्या टोकाला एक, आणि मधल्या बाया तोंडाला पदर लावून निरोप पुढे-मागे सरकवायच्या. काय निरोप? पहिला म्हणजे दर आणि वजन. अंत्योदय आणि प्राधान्य कार्डाला माणशी ५ किलो धान्य फुकट, नेहमीच्या धान्याच्या वर. केशरी कार्डाला मे आणि जूनमध्ये माणशी ३ किलो गहू ८ रुपयाने, २ किलो तांदूळ १२ रुपयाने. हे आकडे आमच्या दहावी नापास झालेल्या पोरीने पाठ केले आणि रांगेत उभी राहून मोठ्याने म्हणायची, पाढ्यासारखे. दुकानदार कोणताही असो, पन्नास बायांना दर पाठ आहे म्हटल्यावर काटा सरळ होतो. ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांची वेगळी यादी, ती नगरसेवकापासून गुरुद्वारापर्यंत, जो देईल त्याच्या दारात. देताना फोटो काढणाऱ्यांना आम्ही एक अट घातली. धान्य देणाऱ्याचाच फोटो काढा, घेणाऱ्या बाईचा नाही. दोघे त्या अटीवर परत गेले. जाऊ द्या.

दुसरा निरोप मारहाणीचा. तो उघड्यावर बोलता येत नव्हता. म्हणून ठरलं की रांगेत जिने विचारलं, 'ओवा आहे का घरात?', तिला मदत हवी. मागाहून वाचलं की त्याच मार्चमध्ये स्पेनच्या कॅनरी बेटांवर अशीच युक्ती निघाली होती, औषधाच्या दुकानात जाऊन 'मास्क १९' मागायचा की दुकानदार पोलिसांना कळवणार. तिकडे ती सरकारी समता संस्थेने काढली, इकडे नळावर निघाली. त्या दिवसांत राष्ट्रीय महिला आयोगाकडे घरातल्या मारहाणीच्या तक्रारी वाढल्याच्या बातम्या आल्या. पण तक्रार म्हणजे फोन. ज्या बाईकडे फोन नाही ती त्या आकड्यात कुठून येणार?

पाच जणींनी ओवा मागितला. एकीला तिच्या बहिणीकडे पोचवायचं तर जिल्ह्याबाहेर जायला पास लागणार. एका ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले, बाई, काळ कोणता चाललाय, घरातली भांडणं घरात मिटवा. २००५ चा कायदा, संरक्षण अधिकारी, सगळं आम्हीच त्याला सांगितलं. तिला शेवटी आमच्यातल्याच एकीच्या खोलीत ठेवलं, अकरा दिवस, नवऱ्याला गल्लीतल्या चार बायांनी रोज दम भरून. दोघींच्या घरी आम्ही नुसतं जात राहिलो, वेळी-अवेळी, मीठ मागायला, काडेपेटी मागायला. दार वाजतं म्हटल्यावर हात थोडा आवरतो. बाकीच्या दोघी गावी गेल्या, त्यांचं पुढे काय झालं ते मला सांगता येत नाही.

कामाचं बोलायचं तर, सोसायट्यांनी गेटवर बाईला अडवलं. सोशल डिस्टन्सिंग. जगाच्या आरोग्य संघटनेनेही पुढे शारीरिक अंतर म्हणा असं सांगितलं, पण आपल्या सोसायट्यांच्या तोंडात सामाजिक अंतर हाच शब्द बसला, कारण त्याची सवय होती. लिफ्ट वेगळी, कप वेगळा, हे काही करोनाने आणलेलं नाही. मीरा-भाईंदरमध्ये जुलै २०२० ला पुन्हा कडक बंदी आली, तेव्हा उरलीसुरली कामंही गेली. बोरिवली-दहिसरला जाणाऱ्यांचं तर लोकलच बंद. २१ ऑक्टोबर २०२० पासून बायांना लोकलची परवानगी मिळाली. केवढं कौतुक झालं! वेळ काय? सकाळी ११ ते दुपारी ३, आणि संध्याकाळी ७ नंतर. भांडी घासणारी बाई सकाळी सातला हवी असते. अकराला गाडीत बसून ती कुणाची भांडी घासणार? ज्याने ही वेळ ठरवली त्याच्या घरी बाई किती वाजता येते, हे त्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

एप्रिल २०२१ ला दुसरी लाट. मुख्यमंत्र्यांनी नोंदणी झालेल्या घरकामगारांना १५०० रुपये जाहीर केले. नोंदणी झालेल्या! घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा, नोंदणी १८ ते ६० वयापर्यंत, मालकिणीचा दाखला लागतो, आणि नोंदणी वेळोवेळी जिवंत ठेवावी लागते. दाखला मागितला की मालकीण काम सोडवते, म्हणून बाया मागत नाहीत. आमच्या वहीतल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या बायांची नोंदणी जिवंत होती. साठी उलटलेल्या काकीला तर कायद्याने कामगारच मानलेलं नाही, भांडी मात्र ती अजून घासते. त्या उन्हाळ्यात आम्ही दाखल्यांच्याच मागे लागलो. एका मालकिणीकडे एकटी बाई गेली तर नकार, पाच जणी गेल्या तर सही. काही ठिकाणी पाच जणी गेल्यावरही नकार.

लशीचं तेच. १ मे २०२१ ला १८ ते ४४ वयासाठी लस खुली झाली, पण आधी फोनवर नाव नोंदवून वेळ घ्यायची. ठाण्या-मुंबईची पोरं मोटारसायकलवर आमच्या केंद्रावर यायची, आणि केंद्राच्या मागच्या गल्लीतली बाई बघत बसायची. पुढे सरकारी केंद्रावर थेट नोंदणी मिळायला लागली, तेव्हा आमची रांग पुन्हा उभी राहिली.

या लाटेत गटातली एक बाई गेली. टेंब्याच्या इस्पितळात, म्हणजे भीमसेन जोशी रुग्णालयात. प्रेत घरी आणू दिलं नाही. वहीत तिचं अक्षर आहे. तिघींचे नवरे गेले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या वारसाला ५० हजारांना मान्यता दिली. अर्ज पुन्हा ऑनलाइन, आणि मृत्यूच्या दाखल्याबरोबर चाचणीचा कागद हवा. एकीच्या सासऱ्याने तिच्या आधी अर्ज भरला. तिच्या खात्यावर पैसे यायला आम्हाला सात महिने भांडावं लागलं, आणि तेव्हा तुमच्यातले दोन भाऊ कागद घेऊन आमच्याबरोबर फिरले, हेही सांगते. सगळीच बोंब करायला मी आलेले नाही.

पण सगळ्यात मोठं नुकसान मोजायचं तर ते पोरींचं. लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली आणि लग्न स्वस्त झालं. मंडप नाही, जेवणावळ नाही, मानपान नाही. बापांनी हिशोब केला की आत्ताच उरकू. पोरीची शाळा तशीही बंद, फोन भावाकडे. आमच्या दोन गल्ल्यांत सोळा-सतरा वर्षांच्या दोन पोरींची लग्नं ठरली. एक आम्ही १०९८ ला फोन करून थांबवलं. तिचा बाप अजून आमच्याशी बोलत नाही, पोरगी बारावी झाली. दुसरीचं गावाला नेऊन लावलं. ती तुमच्या मंडळातल्याच एका कार्यकर्त्याची पुतणी. तो त्या लग्नाला हजर होता. पन्नासातला एक.

१९७२ च्या पँथरची नावं तुम्हाला पाठ आहेत. ढसाळ, ढाले, ज. वि. पवार. त्यात एक तरी बाई सांगा. आणि त्याच्या तीस वर्षं आधी, २० जुलै १९४२ ला, नागपूरला दलित महिला परिषद भरली होती. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या, महायुद्ध चालू असताना, गाडीभाडं जमवून. बाबासाहेब समाजाची प्रगती बायांच्या प्रगतीवरून मोजतात ते त्याच परिषदेत. ते वाक्य तुमच्या कार्यालयाच्या भिंतीवर रंगवलंय. त्या भिंतीखालचा केर कोण काढतं, ते मी मघाशी आत येताना पाहिलं.

विहार आता उघडा आहे. रविवारची बैठक तिथे होते. पण धान्य येतं त्या दिवशीची रांगेतली बैठक आम्ही बंद केलेली नाही, कारण विहारात न येणाऱ्या बाया तिथे येतात. मध्यंतरी रेशनला अंगठ्याची पडताळणी आली, तेव्हा भांडी घासून झिजलेला अंगठा मशीन ओळखेना. कोणाचा अंगठा उठत नाही याची यादी रांगेतच झाली.

येत्या रविवारी घरकामगारांच्या नोंदणीचे आणि नूतनीकरणाचे फॉर्म भरायचे आहेत. सकाळी नाही, सकाळी बाया कामावर असतात. दुपारी तीनला. स्वच्छ अक्षर असलेली दहा माणसं लागतील, पोरं असोत की पोरी. पेन आपापलं आणा. आणि ज्यांच्या घरी कामाला बाई येते, त्यांनी तिच्या दाखल्यावर सही करून आणा.