वाळूतले घर



हमालांची संघटना बांधण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांनी हमाली-तोलाईवर बोलावे, मुलांच्या चित्रांवर आणि वाळूच्या खेळावर कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. पण आमच्या अंगावर एका मुलाचे जुने ऋण आहे. ते आज आपल्यापुढे सांगावयाचे आहे.

1993 साली गणपतींचे विसर्जन करून माणसे निजली आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून 8,000च्या आसपास माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचे जड माळवद. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या ऊन अडवले तेच अंगावर आले. आम्ही तेव्हा नुकती विशी ओलांडलेले. मदतीच्या धान्याची पोती उतरवावयास चार हमालांबरोबर गेलो आणि पंधरा दिवस राहिलो.

पत्र्याच्या शेडबाहेर आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा बसलेला असे. कोणाशी बोलत नसे. जवळच वाळूचा ढीग होता. त्यात पाय खुपसून, वरून वाळू थापून तो खोपा करी, आत चिंचोके ठेवी आणि एका थापेसरशी सारे मोडून टाकी. मग बोटांनी उकरून चिंचोके काढी, मोजी, पुन्हा खोपा करी. आम्हाला ते पाहवेना. तिसऱ्या दिवशी "लेकरा, असलं अभद्र खेळू नाई" म्हणून आम्ही पायाने वाळू सारखी केली आणि त्याच्या हातावर गोळी ठेवली. त्याने गोळी खाल्ली नाही. पुन्हा तो वाळूकडे फिरकला नाही, आमच्याकडेही नाही.

आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात. तेथे फार वर्षांनी डॉ. मार्गारेट लोवेनफेल्ड या बाईंविषयी वाचावयास मिळाले. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी पोलंडमधील हाल डोळ्यांनी पाहिले होते. 1928 साली लंडनमध्ये त्यांनी मुलांसाठी दवाखाना काढला. तेथे वाळूचे तबक होते, कपाटात लहान खेळणी होती. मुलांनी आपणहून खेळणी वाळूत मांडली आणि त्या मांडणीला 'जग' म्हटले. पुढे स्वित्झर्लंडच्या डोरा काल्फ यांनी हीच रीत वाढवली. तबकाचा तळ निळा रंगवतात. वाळू सारली की पाणी दिसते. हे वाचले त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. जे मुलगा तोंडाने सांगू शकत नव्हता ते तो हाताने सांगत होता, आणि आम्ही ते पुसले होते.

ही साहेबाची रीत म्हणून नाक मुरडू नये. धूळपाटीवर अक्षरे गिरवणारे आपणच, पोळ्याला मातीचे बैल करणारे आपणच. फरक एवढाच, की येथे कोणी वळण तपासावयाचे नाही. चाळून, धुऊन वाळवलेली गोदावरीची वाळू, एक पसरट घमेले, चिंचोके, काडेपेट्या, मातीची जनावरे. चित्रासाठी खडू, कोळसा आणि पाठकोरे कागद. मोठ्याने जवळ बसावे. हे काय काढलेस, असे दहादा विचारू नये, छान म्हणू नये, अर्थ तर मुळीच लावू नये. मूल आपण होऊन बोलले तर ऐकावे. आमच्यासारख्या सभेत बोलणाऱ्याला गप्प बसणे किती जड जाते, ते आमच्या घरी विचारा.

आमच्यातला एक हमाल थप्पी कोसळून गेला. त्याची मुलगी शेडमध्ये येऊ लागली. पहिले काही दिवस नुसती वाळू ओंजळीतून सोडी. मग थप्पी रचू लागली, पाडू लागली. या वेळी आम्ही पाय आवरला. तिच्या आईने विचारले, "दादा, यानं काय होतंय?" आम्ही म्हटले, "बाई, हे औषध नव्हे." मुलगी रात्री दचकून उठत होती, म्हणून तिला डॉक्टरांनाही दाखवले. ते टाळून नुसत्या वाळूवर विसंबणे आम्हाला मान्य नाही. सरकारचा टेलि-मानसचा 14416 हा फुकट क्रमांक आहे; तोही आम्ही शेडच्या भिंतीवर खडूने लिहिला आहे.

मुलगी अजून येते. आता थप्पीशेजारी एक झाड लावते. ते कशाचे, ते आम्ही विचारलेले नाही. घमेले मात्र एकच आहे आणि मुले सात झाली आहेत. कोणाकडे जुनी पसरट पेटी असेल तर बाजाराच्या दिवशी शेडवर आणून द्यावी. रंग आम्ही देऊ.