बीबी घेण्याआधी शेल मोजावे

रोड बाइकच्या फ्रेममध्ये सीटची नळी, खालची तिरकी नळी आणि मागून येणाऱ्या दोन्ही चेनस्टे जिथे मिळतात, तिथे एक आडवी पोकळ नळी असते. तिला बॉटम ब्रॅकेट शेल म्हणतात. शेलमध्ये दोन बाजूंना बेअरिंग बसतात, त्यांच्यातून क्रँकचा ॲक्सल आरपार जातो आणि स्वाराच्या पायांचा सगळा जोर या ॲक्सलमधून चेनकडे जातो. बेअरिंग आणि त्यांना धरून ठेवणारे कप मिळून जो भाग होतो, त्याला दुकानात आणि वर्कशॉपात सरसकट ‘बीबी’ म्हणतात.

बीबीला दोघांशी जुळवून घ्यावे लागते. बाहेरच्या अंगाने ती शेलमध्ये बसली पाहिजे आणि आतल्या अंगाने तिच्यात ॲक्सल बसला पाहिजे. म्हणून मापे तीन लागतात: शेलच्या तोंडाचा आतला व्यास, शेलची रुंदी आणि ॲक्सलची जाडी. ही तीन मापे हातात असली की निवड बहुतेक आपोआप होते. प्रत्यक्षात मात्र आधी बेअरिंगचा ब्रँड ठरतो, पैसे दिले जातात, आणि माप घेतले जाते ते खोका उघडल्यावर, कप आत जाईनासा झाल्यावर.

घरात डबे आणि झाकणे असतात, तसाच हा मामला आहे. लोणच्याच्या बरणीचे झाकण फिरवून लावायचे असते. पिठाच्या स्टीलच्या डब्याचे झाकण दाबून बसवायचे असते. दहा डबे आणि दहा झाकणे एकत्र पडली की लांबून सगळी सारखी दिसतात, पण ज्याचे त्यालाच बसते. बाजारातून एकटे झाकण आणायचे असेल, तर घरची गृहिणी डब्याचे तोंड मोजून जाते किंवा डबाच सोबत नेते. हजारो रुपयांच्या फ्रेमसाठी एवढी काळजी घेतली जात नाही, हे खरोखर वाईट आहे.

फिरकीच्या झाकणासारखी, म्हणजे आट्यांची, बीबी फार जुनी आहे. तिचे सर्वाधिक चालणारे माप ‘बीएसए’ या नावाने ओळखले जाते. हे नाव बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या इंग्लिश कंपनीवरून आले. आट्यांचा व्यास १.३७ इंच, इंचाला २४ आटे आणि रोड बाइकवर शेलची रुंदी ६८ मिमी. यात चेनकडच्या, म्हणजे उजव्या कपाचे आटे उलटे असतात. त्याला कारण आहे. पेडल मारताना ॲक्सल एका दिशेने फिरतो. छर्रे कपाच्या आतून लोळत जातात आणि कपात बारीकशी जरी ढील असली, तरी कप उलट दिशेने हळूहळू सरकू लागतो. आटे सुलटे असते, तर उजवा कप रोजच्या चालवण्याने सैल होत गेला असता. जुन्या इटालियन फ्रेममध्ये व्यास ३६ मिमी, रुंदी ७० मिमी आणि दोन्ही बाजूंचे आटे सुलटे असतात. म्हणून तिथे उजवा कप विशेष घट्ट आवळावा लागतो. बीएसएचे आटे ३५ मिमीपेक्षा किंचित कमी व्यासाचे आहेत. त्यामुळे ते पार झिजले, तर शेलमध्ये इटालियन आटे पाडून जुनी स्टीलची फ्रेम वाचवता येते. चांगले कारागीर ही दुरुस्ती फार पूर्वीपासून करत आले आहेत.

आट्यांचे तिसरे माप ‘टी४७’. क्रिस किंग आणि आर्गोनॉट या कंपन्यांनी ते २०१५ मध्ये पुढे आणले: ४७ मिमी व्यास, १ मिमी अंतराचे आटे. जाड ॲक्सल हवा, पण कप फिरकीचाच हवा, ही त्यामागची गरज होती.

दाबून बसवायच्या, म्हणजे प्रेस-फिट बीबीकडे आले की गोंधळाला सुरुवात होते. ‘माझी फ्रेम प्रेस-फिट आहे’ असे सांगून बीबी मागणारे पुष्कळ भेटतात. प्रेस-फिट हे माप नाही, ती बसवण्याची पद्धत आहे. ‘दाबायचे झाकण द्या’ म्हटल्यावर दुकानदाराने कोणते द्यावे? कॅननडेलने २००० साली आणलेल्या आणि पुढे सर्वांना खुल्या केलेल्या बीबी३० मध्ये शेलचा व्यास ४२ मिमी आणि रुंदी ६८ मिमी असते. बेअरिंग कपाशिवाय थेट शेलमध्ये बसते आणि सर्क्लिपला, म्हणजे आतल्या खाचेतल्या स्प्रिंगच्या कडीला, टेकते. पीएफ३० मध्ये व्यास ४६ मिमी, रुंदी तीच ६८. बीबी८६ मध्ये व्यास ४१, रुंदी ८६.५. बीबी३८६ मध्ये व्यास ४६, रुंदी ८६.५. सर्व्हेलोच्या बीबीराइटमध्ये व्यास ४६, रुंदी ७९. ट्रेकच्या बीबी९० मध्ये व्यास ३७ आणि रुंदी ९०.५.

आकडे कानावरून निघून जातात, म्हणून त्यातली मेख पुन्हा सांगणे भाग आहे. ६८ मिमी रुंदी बीएसएची आहे, बीबी३० ची आहे आणि पीएफ३० चीही आहे. ४६ मिमी व्यास तीन वेगवेगळ्या रुंदींना आहे: ६८, ७९ आणि ८६.५. एकटी रुंदी किंवा एकटा व्यास पुरत नाही. दोन्ही मोजावे लागतात, आणि नावावर तर मुळीच विसंबू नये, कारण बीबी३० आणि पीएफ३० ही नावे तोंडी सांगताना एकमेकांच्या जागी सर्रास जातात. त्यांच्या व्यासांत ४ मिमीचा फरक आहे.

मोजायला साधा व्हर्नियर कॅलिपर पुरतो. जुनी बीबी शेलमध्ये असताना रुंदी मिळते, पण आतला व्यास मिळत नाही; त्यासाठी बीबी काढावी लागते. नवी येईपर्यंत सायकल बंद राहील म्हणून लोक ती काढत नाहीत आणि अंदाजाने मागवतात. मग चुकीचा भाग परत पाठवण्यात सायकल त्याहून जास्त दिवस बंद राहते. काढणे अगदीच शक्य नसेल, तर निदान जुन्या कपावर छापलेला क्रमांक वाचावा आणि फ्रेमच्या माहितीपुस्तिकेशी ताडून पाहावा.

आता ॲक्सल. शिमानोच्या होलोटेक २ क्रँकचा ॲक्सल २४ मिमी जाड असतो. स्रॅमच्या जीएक्सपीमध्ये तो उजवीकडे २४ आणि डावीकडे २२ मिमी असतो. त्यामुळे शिमानोची बीबी त्याला दिसायला बसते, पण डावीकडे आधार मिळत नाही. स्रॅमचा डब ॲक्सल २८.९९ मिमी आहे. ३० मिमीच्या बेअरिंगमध्ये तो जेमतेम एका मिलिमीटरने सैल पडतो, आणि इथे एक मिलिमीटर म्हणजे फार झाले. कॅम्पाग्नोलोच्या अल्ट्रा-टॉर्कचा ॲक्सल २५ मिमी. तो दोन अर्ध्या भागांचा असून मध्यभागी दात्यांनी जुळतो, आणि बेअरिंग क्रँकवरच बसलेली असतात. तिथे बीबी म्हणून फक्त कप विकत घ्यायचे असतात, हे माहीत नसल्याने बेअरिंग दोनदा घेतली जातात. चौकोनी टोकाच्या जुन्या ॲक्सलचा विषय वेगळा आहे. त्यात टोकाचा निमुळतेपणा आणि ॲक्सलची लांबी दोन्ही पाहावी लागतात आणि त्याला स्वतंत्र वेळ हवा.

जाडीइतकीच लांबीही महत्त्वाची. शिमानोच्या रोड क्रँकला दोन्ही बेअरिंगच्या बाहेरच्या कडांमध्ये सुमारे ९० मिमी अंतर लागते. बीएसएच्या ६८ मिमी शेलबाहेर दोन्ही बाजूंना कप सुमारे ११ मिमी डोकावतात, म्हणून तिथे हे अंतर जमते. बीबी८६ मध्ये शेलच ८६.५ मिमी असल्याने बेअरिंग आत राहतात आणि कपाची कड बाहेर सुमारे २ मिमी दिसते. तिथेही बेरीज तेवढीच होते. उलट मूळ बीबी३० चा क्रँक आखूड ॲक्सलचा असतो. तो ८६.५ मिमीच्या शेलमधून पलीकडे पुरेसा पोचतच नाही.

एक नेहमी समोर येणारा प्रसंग घ्यावा. फ्रेम पीएफ३० आहे, म्हणजे ४६ आणि ६८, आणि क्रँक शिमानोचा २४ मिमीचा आहे. स्वस्त उपाय म्हणून ३० मिमीच्या बेअरिंगमध्ये प्लास्टिकची बारीक नळी सरकवून त्यात २४ मिमीचा ॲक्सल घालतात. सैल झाकणाखाली कागद दुमडून घालावा, तसे हे आहे: दोन दिवस बसते, मग वाजू लागते. योग्य बीबी ती, जिचे कप ४६ मिमीच्या शेलमध्ये बसतात, बाहेर डोकावतात आणि थेट २४ मिमीची बेअरिंग धरतात. त्यातही दोन्ही कप शेलच्या आत एकमेकांत आट्यांनी जुळतात असा प्रकार घ्यावा. प्रॅक्सिस, व्हील्स मॅन्युफॅक्चरिंग अशा कंपन्या तो बनवतात.

असे एकमेकांत जुळणारे कप का हवेत, याचे उत्तर पुन्हा पिठाच्या डब्यात आहे. डब्याच्या तोंडाला पोचा आला असेल, तर झाकण कितीही दाबा, एका बाजूने उचकते. कार्बन फ्रेमच्या शेलची दोन तोंडे पूर्ण गोल नसतील किंवा एका रेषेत नसतील, तर दोन सुटे कप दोन दिशांना पाहतात, ॲक्सल त्यांना प्रत्येक फेरीत हलवतो आणि चढावर तो ओळखीचा करकर आवाज येतो. एकमेकांत जुळलेले कप निदान एका रेषेत राहतात. व्हर्नियर कॅलिपरने शेलचा प्रकार कळतो, पण गोलाईतला बारीक दोष कळत नाही. त्यासाठी बोअर गेज असलेल्या वर्कशॉपात फ्रेम न्यावी. या आवाजाला कंटाळून काही मोठ्या कंपन्या पुन्हा फिरकीकडे वळल्या आहेत: स्पेशलाइज्डची २०२० ची टार्मॅक एसएल७ आणि कॅननडेलची २०२३ ची सुपरसिक्स इव्हो, दोन्ही बीएसए आट्यांच्या आहेत.

बेअरिंगची निवड सर्वांत शेवटी येते. बेअरिंगवरचा क्रमांक म्हणजे त्याचे माप: ६८०५ म्हणजे आतून २५, बाहेरून ३७ आणि जाडी ७ मिमी, ६८०६ म्हणजे ३०, ४२ आणि ७. शिमानोच्या २४ मिमी ॲक्सलसाठी बाहेरून ३७ आणि आतून २४ असे खास बेअरिंग मिळते, किंवा ६८०५ मध्ये पातळ प्लास्टिकची बाही असते. ही बाही बीबी बनवणाऱ्यानेच त्या कपासाठी नेमकी बनवलेली असते. तिची गल्लत मघाच्या कागदाच्या घडीशी करू नये. बीबी८६ च्या फ्रेममध्ये ३० मिमीचा ॲक्सल घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. ४१ मधून ३० गेले की उरतात ११, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेपाच मिमी. तेवढ्यात कप, बेअरिंगच्या दोन्ही कड्या आणि छर्रे मावायचे. छर्रे इतके बारीक घ्यावे लागतात की ते लवकर झिजतात. जाड ॲक्सल हवा असेल, तर शेलही तसे मोठे हवे. इथेही शेलच आधी येते.

क्रमांकामागे २आरएस असेल, तर दोन्ही बाजूंना रबरी सील असते. झेडझेड असेल, तर पत्र्याचे आवरण, जे पाणी नीट अडवत नाही. सह्याद्रीच्या घाटांत पावसात सायकल चालवणाऱ्याने, ब्रेव्हे या लांब पल्ल्याच्या राइडला २०० ते ६०० किलोमीटर जाणाऱ्याने तर नक्कीच, २आरएस घ्यावे आणि सील किंचित जड फिरते म्हणून ते काढू नये. बीबी हा फ्रेमचा तळ आहे. सीटच्या नळीतून उतरलेले पाणी तिथेच साचते, म्हणून शेलखाली निचऱ्याचे भोक असल्यास ते मोकळे आहे ना, हे पावसाळ्यात पाहत राहावे. सिरॅमिक छर्ऱ्यांची बेअरिंग हलकी फिरतात, पण नीट बसलेल्या साध्या बेअरिंगशी तुलना केली, तर रस्त्यावरचा फायदा फार थोडा आहे. चिखल आत गेला, तर तीही स्टीलच्या कड्यांवरच खराब होतात. शेल न मोजता सिरॅमिकवर खर्च करणे म्हणजे पोचा आलेल्या डब्याला चांदीचे झाकण आणणे.

बसवताना आट्यांच्या कपांना ग्रीस लावावे. शिमानोचे कप ३५ ते ५० न्यूटन-मीटरने आवळायचे असतात. प्रेस-फिट कप प्रेसनेच ओढून बसवावेत, हातोडीने ठोकू नयेत. सुटे बेअरिंग शेलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या कडीवर द्यावा. आतल्या कडीवर दिला, तर तो छर्ऱ्यांतून जातो आणि कडीवर खळगे पडतात. शिमानोच्या डाव्या क्रँकची प्लास्टिकची टोपी फक्त बाजूची ढील काढण्यापुरती, ०.७ ते १.५ न्यूटन-मीटर फिरवावी, आणि मग दोन्ही बोल्ट १२ ते १४ न्यूटन-मीटरने आळीपाळीने आवळावेत. टोपी जास्त आवळली, की नवी बेअरिंगही जड फिरतात आणि दोष उगाच बेअरिंगवर येतो.

शेवटी चेन उतरवून क्रँक हाताने फिरवून पाहावा. फिरणे एकसारखे असावे, आणि क्रँक धरून आडवा हलवला तर खटका लागू नये. खटका नसेल, क्रँक नीट फिरत असेल आणि तरीही आवाज येत असेल, तर बीबी पुन्हा उघडण्याआधी पेडलचे आटे, चेनरिंगचे बोल्ट आणि सीटपोस्ट तपासावेत. पोकळ फ्रेममध्ये तिथला आवाजही खालून आल्यासारखा वाटतो.